वाचता न येणारी तर कारखान्यावर गेली

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्यात आमची छोटी संस्था आहे. जिल्हा परिषदेच्या २२ शाळांत तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी आम्ही शाळा सुटल्यावर वाचनवर्ग चालवतो. गावातल्याच बारावी झालेल्या आठ मुली शिकवतात. गेल्या ऑगस्टमध्ये ६१२ मुलांची चाचणी घेतली, तेव्हा ३८ टक्के मुलं परिच्छेद वाचत होती. या फेब्रुवारीत ४४१ मुलांची घेतली, त्यात ६१ टक्के वाचत होती. आम्हाला निधी देणाऱ्या कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागाला ३१ मार्चपर्यंत ‘इम्पॅक्ट रिपोर्ट’ हवा आहे. तिथल्या साहेबांनी फोनवर सांगितलं, ‘अडतीसवरून एकसष्ट! पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात टाका.’

आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणतात, पालकसभेत आया डोळ्यांत पाणी आणून बोलतात, याहून मोठा पुरावा कोणता? मलाही तसंच वाटत होतं. पण तक्ते भरताना आमचा एक कार्यकर्ता, जो स्वतः ऊसतोडीच्या घरातला आहे, सहज बोलून गेला, ‘ताई, वाचता न येणारी तर कारखान्यावर गेली.’ तेव्हापासून मला झोप नाही. मी खोटं तर लिहीत नाहीये ना? आमचा वर्ग नसलेल्या शेजारच्या शाळांशी तुलना करून दाखवली तर चालेल का? आणि खरं लिहिलं आणि निधी बंद झाला, तर या आठ मुलींचं मानधन कुठून देऊ?

— एक समन्वयक

उत्तर

प्रिय समन्वयक,

तुमच्या त्या कार्यकर्त्याने एका वाक्यात जे सांगितलं, ते पकडायला शहरातल्या सल्लागाराला पुष्कळदा महिना लागतो, आणि कधी कधी ते पकडलंच जात नाही. त्यामुळे सगळ्यात आधी त्याच्याच बोलण्याचा हिशोब मांडू. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

ऑगस्टमध्ये ६१२ पैकी ३८ टक्के, म्हणजे साधारण २३३ मुलं वाचत होती. फेब्रुवारीत ४४१ पैकी ६१ टक्के, म्हणजे २६९. मधल्या काळात १७१ मुलं गळाली. दिवाळीच्या पुढेमागे मुकादमाची गाडी आली, आईबापांचा कोयता निघाला, आणि ज्यांना मागे ठेवायला आजी नव्हती की हंगामी वसतिगृहात जागा नव्हती, ती पोरं सोबत गेली. आता समजा, या १७१ पैकी ऑगस्टमध्ये वाचणारी फक्त २५ होती. मग जी ४४१ मुलं गावात राहिली, त्यांच्यातली २०८ ऑगस्टमध्येच वाचत होती. म्हणजे ४७ टक्के. तुमच्या वर्गांत बसलेल्या मुलांची खरी चढण ३८ ते ६१ अशी नसून ४७ ते ६१ अशी आहे. तुमच्या २३ अंकांतले नऊ अंक कुणी काही शिकल्यामुळे वाढलेले नाहीत. न वाचणारी मुलं यादीतून गेली, म्हणून ते वाढले.

२५ हा आकडा मी धरून चालले आहे. खरा आकडा तुमच्या कपाटात आहे. ऑगस्टचे कागद नावानिशी ठेवलेत ना? त्यातून गेलेल्या १७१ जणांची नावं बाजूला काढा आणि उरलेल्या ४४१ मुलांचं ऑगस्टचं आणि फेब्रुवारीचं वाचन एकाच ओळीत समोरासमोर लिहा. दोन संध्याकाळींचं काम आहे. तुम्ही अजून खोटं लिहिलेलं नाही. पण हा हिशोब कळल्यानंतर ३८ आणि ६१ शेजारी शेजारी छापले, तर मात्र ते खोटं होईल.

हे मी एवढ्या ठामपणे लिहिते, कारण हीच चूक मी केली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी असाच अहवाल केला. शेवटच्या चाचणीला जेवढी मुलं हजर होती तेवढ्यांची टक्केवारी काढली आणि सुरुवातीच्या सगळ्या मुलांच्या टक्केवारीपुढे मांडली. सगळे खूश झाले. पुढच्या वर्षी आम्ही नीट, नावानिशी मोजलं, तर वाढ निम्म्याने कमी दिसली. देणगीदाराने विचारलं, ‘काम ढासळलं का?’ काम ढासळलं नव्हतं, उलट आमच्या शिक्षिका आदल्या वर्षापेक्षा तयार झाल्या होत्या. पण ते पटवून द्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं, कारण आदल्या वर्षीचा आकडा मीच दिला होता. बोलणी त्या शिक्षिकांनी खाल्ली. तुमच्या आठ मुलींवर ती वेळ येऊ नये.

आता दुसरी पायरी, आणि ती जास्त अवघड आहे. समजा, ४७ वरून ६१ ही चढण पक्की निघाली. तरी हे १४ अंक सगळे तुमच्या वर्गाचे आहेत का? ऑगस्ट ते फेब्रुवारी ही मुलं शाळेतही जात होती. सहा महिन्यांनी मोठी झाली. लहान इयत्तांत प्रत्येक मूल वाचतं व्हावं, या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाच्या लक्ष्यामुळे गुरुजींवरही वाचनाचा रेटा आहे. केंद्रप्रमुख येतात, वाचून घेतात. तुमचा वर्ग नसता तरी काही मुलं वाचायला लागलीच असती. किती? एवढा एकच प्रश्न आहे, आणि शिक्षण असो, आरोग्य असो, बचतगट असो, कुठल्याही कार्यक्रमाच्या मूल्यमापनाचं घोडं इथेच अडतं. जे घडलं ते दिसतं. आपण नसतो तर काय घडलं असतं, ते कुणाला दिसत नाही. मग तसंच दुसरं कुणीतरी शोधून त्याच्याकडे पाहावं लागतं.

म्हणून तुम्ही शेजारच्या शाळांशी तुलना सुचवलीत. बुद्धी योग्य दिशेला गेली, पण जरा थांबा. तुमच्या २२ शाळा कशा निवडल्या गेल्या? मी पैजेवर सांगते, ज्या मुख्याध्यापकांनी ‘या, वर्गखोलीची किल्ली देतो’ म्हटलं, त्या शाळा तुम्ही घेतल्या. असे मुख्याध्यापक असलेली शाळा तुमच्याशिवायही थोडी पुढेच असते. या फरकाने किती फसायला होतं, याचं एक उदाहरण केनियातलं आहे. तिथे शाळांना भिंतीवर लावायचे उलटपानी तक्ते (फ्लिपचार्ट) द्यावेत का, असा प्रश्न होता. ज्या शाळांत असे तक्ते आधीपासून होते त्यांची इतर शाळांशी तुलना केली, तेव्हा तक्ते असलेल्या शाळांतल्या मुलांचे गुण चांगलेच वर दिसले. मग अर्थतज्ज्ञ मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७८ शाळा घेतल्या, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निम्म्या निवडल्या आणि त्यांना तक्ते दिले. गुणांत फरक जवळजवळ शून्य. तक्ते घेण्याइतकी ऐपत आणि हौस ज्या शाळांत होती, त्या मुळातच बऱ्या होत्या. तक्ते बिचारे भिंतीवर लटकलेले होते.

म्हणून शेजारच्या शाळांचे आकडे या अहवालात घालू नका. तुमच्या बाजूने दिसले तरी घालू नका.

चिठ्ठ्या टाकायच्या म्हटलं की आपल्याकडे अंगावर काटा येतो. एका गावाला द्यायचं आणि दुसऱ्याला नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? या अडचणीतून एक सुंदर वाट आपल्याच शेजारी निघाली आहे. ‘प्रथम’ ही संस्था नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून उभी राहिली. तिचा बालसखी नावाचा कार्यक्रम तुमच्यासारखाच होता: वस्तीतलीच शिकलेली एखादी मुलगी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना घेऊन रोज दोनेक तास पायाभूत वाचन आणि गणित घ्यायची. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत त्याची कसून तपासणी झाली. वडोदऱ्यात त्यांनी काय केलं पाहा. निम्म्या शाळांत तिसरीला बालसखी दिली आणि निम्म्या शाळांत चौथीला. पुढच्या वर्षी अदलाबदल. एकही शाळा रिकाम्या हाताने परत गेली नाही, आणि तरीही एका शाळेच्या तिसरीची तुलना दुसऱ्या शाळेच्या तिसरीशी करता आली. बालसखी असलेल्या वर्गांतली मुलं खरोखर पुढे गेली, दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा जास्त. कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभराने पुन्हा पाहिलं तेव्हा त्यातला बराच फायदा ओसरला होता, तेही त्यांनी लिहिलं. अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पुढे २०१९ मध्ये क्रेमर यांच्यासह त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ‘फायदा ओसरला’ असं छापलं गेलं, म्हणून बालसखी बुडाली नाही. त्या कामातूनच मुलांना इयत्तेऐवजी त्यांच्या आजच्या पातळीप्रमाणे शिकवण्याची पद्धत घडत गेली, आणि ती आज देशाबाहेरही वापरतात.

तुमच्याकडे पुढच्या वर्षी नवीन गावं घ्यायची असतीलच. समजा, वीस गावांची मागणी आहे आणि पैसा दहांपुरता आहे. तर ग्रामपंचायतीसमोर, सगळ्या वीस शाळांच्या मुख्याध्यापकांना बोलावून, मडक्यातून चिठ्ठ्या काढा. पहिली दहा त्या वर्षी, उरलेली दहा त्याच्या पुढच्या वर्षी. जून-जुलैत वीसही गावांतल्या मुलांची चाचणी घ्या, आणि वर्ष संपताना, उरलेल्या दहांत वर्ग सुरू होण्याआधी, पुन्हा घेऊन दोन्ही गटांची तुलना करा. आमदाराच्या ओळखीने गाव निवडण्यापेक्षा ही पद्धत लोकांना जास्त न्यायाची वाटते, असा माझा अनुभव आहे. मडकं सगळ्यांना कळतं.

अध्यक्ष सरांच्या मुद्द्याकडे येते. आयांच्या डोळ्यांतलं पाणी खरं आहे, त्याला मी हात लावणार नाही. पण त्याने काय सिद्ध होतं, हे सरांशी शांतपणे बोलायला हवं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ साली एक कार्यक्रम सुरू झाला. बिघडण्याची भीती असलेल्या मुलांना वळण लावायचं, म्हणून ५०६ मुलगे घेतले, एकमेकांसारख्या मुलांच्या जोड्या लावल्या, आणि नाणं उडवून प्रत्येक जोडीतला एक कार्यक्रमात घेतला. समुपदेशक वर्षानुवर्षं घरी येत, अभ्यास घेत, डॉक्टरकडे नेत, सुट्टीत शिबिरांना पाठवत. तीसेक वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने ही माणसं पुन्हा शोधून काढली. कार्यक्रमात असलेल्यांपैकी दोन तृतीयांश जणांनी सांगितलं, हो, आम्हाला त्याचा फायदा झाला. काहींनी त्या समुपदेशकांची आठवण अगदी मायेने काढली. पण जोडीतल्या दुसऱ्या मुलाशी ताडून पाहिलं, तर गुन्हेगारीत हे काही कमी निघाले नाहीत. दारू, मानसिक आजार, अकाली मृत्यू यांत तर ते वाईटच निघाले. १९७८ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा पुष्कळांना ते पचलं नाही. मायाही खरी होती आणि नुकसानही खरं होतं.

तुमचे वर्ग मुलांचं नुकसान करताहेत असं मला अजिबात सुचवायचं नाही. एवढंच, की आई ‘माझं पोरगं बदललं’ म्हणते, तेव्हा तिला पुढे विचारा: ‘काय बदललं? काल घरी त्याने काय वाचलं?’ रेशनच्या दुकानातली पाटी, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, जे काही ती सांगेल ते तिच्याच शब्दांत टिपून ठेवा. अहवालात ते जाऊ द्या, पण आकड्याच्या जागी नको, शेजारी असू दे.

चाचणीबद्दल एक गोष्ट विचारायची राहिली. ऑगस्टचा आणि फेब्रुवारीचा परिच्छेद एकच होता का? आणि चाचणी घेतली कुणी, वर्ग चालवणाऱ्या मुलींनीच का? एका शाळेत तिसरीतली एक मुलगी माझ्यासमोर खडाखडा वाचत होती. आवाज स्वच्छ, विरामसुद्धा जागच्या जागी. माझं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. बोट दुसऱ्या ओळीवर होतं आणि तोंडातून चौथी ओळ येत होती. मी पान उलटून दुसरा, याहून सोपा परिच्छेद दिला, तेव्हा ती ‘पाऊस’ या शब्दापाशी थांबली आणि बाईंकडे पाहू लागली. तिच्या बाईंनी फसवायला काही केलं नव्हतं. सहा महिने तोच कागद वर्गात भिंतीवर होता, इतकंच. तुमच्याकडे असं झालं असेल तर तेही लिहा. पुढच्या वेळी निदान चार वेगवेगळे परिच्छेद ठेवा, एका गावच्या ताईने दुसऱ्या गावच्या मुलांची चाचणी घ्यावी, आणि ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीत करतात तसं एकेका मुलाला बाजूला बसवून अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचून घ्यावं. मुलाला न हसता, न दटावता. हे शिकायला अर्धा दिवस पुरतो.

निधीची भीती. कंपनीच्या साहेबांशी बोलण्याआधी एक नियम माहीत असू द्या. जानेवारी २०२१ मध्ये सीएसआरचे नियम बदलले, त्यानुसार प्रभाव मूल्यमापन सक्तीचं आहे ते सरासरी १० कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर खर्चाची जबाबदारी असलेल्या कंपन्यांना, तेही १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठी, प्रकल्प पूर्ण होऊन निदान वर्ष झाल्यावर, आणि स्वतंत्र संस्थेकडून. आठ मुलींच्या मानधनावर चालणारा तुमचा प्रकल्प यात बसत नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. म्हणजे साहेबांना कायद्यासाठी मोठा आकडा लागत नाहीये; त्यांना वर सादर करायला काहीतरी नीट हवं आहे. ते तुम्ही देऊ शकता. किती वर्ग झाले, किती दिवस भरले, मुलांची हजेरी किती, एका मुलामागे खर्च किती, कोण कुठे पोचलं. हे सगळं तुमच्याकडे आहे, आणि ते पक्कं आहे.

पहिल्या पानासाठी मी असं काहीसं लिहीन. आकडे तुमचे घाला:

‘ऑगस्टमध्ये ६१२ मुलांची चाचणी झाली. त्यातली १७१ मुलं पालकांसोबत ऊसतोडीसाठी स्थलांतरित झाल्यामुळे फेब्रुवारीत भेटली नाहीत. दोन्ही वेळा भेटलेल्या ४४१ मुलांत परिच्छेद वाचणाऱ्यांचं प्रमाण इतक्यावरून इतकं झालं. यातला किती भाग आमच्या वर्गाचा आणि किती शाळेचा, हे या माहितीवरून सांगता येत नाही. ते सांगता यावं म्हणून पुढच्या वर्षी आम्ही चिठ्ठ्या टाकून गावं निवडणार आहोत. स्थलांतरित मुलांचं वाचन आम्ही मेअखेर तपासू.’

हे वाचून कंपनी पैसे बंद करेल का? करूही शकेल. खात्री मी देऊ शकत नाही. पण ईमेलने पाठवून गप्प बसू नका. साहेबांना तालुक्यात बोलवा, १७१ नावांची यादी त्यांच्यापुढे ठेवा आणि त्या कार्यकर्त्याला बोलू द्या. देणगीदारांत सगळे मोठ्या अक्षरांचे भुकेले नसतात; पुष्कळांना गावात काय चाललं आहे हे कुणी कधी सांगितलेलंच नसतं. सोबतीला मडक्याची योजना ठेवा. पुढच्या वर्षी काय कळणार आहे, हे आधी सांगणारी संस्था त्यांना क्वचितच भेटते.

आणि त्या १७१ मुलांचं काय? तुमच्या पत्रातली खरी गोष्ट मला तीच वाटते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तेव्हा कार्यक्रमाच्या ३९ गावांत आणि तुलनेच्या ४७ गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू टिपला गेला. झोपडीत जन्मून झोपडीतच गेलेलं बाळ सरकारी नोंदीत यायचंच असं नाही. नोंदलं नाही तर ते मेलंही नाही, आणि मग वाचवायचं कुणाला? तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे २०११ पासून आशा ताईंच्या कामात हीच घरपोच काळजी देशभर आली. ते ६२ टक्के उभे आहेत त्या वह्यांवर, ज्यांत तुलनेच्या गावातल्या बाळाचंही नाव होतं.

तुमच्या वहीत १७१ नावं आहेत. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळपाचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परतू लागतील. घरं उघडतील, लग्नसराई सुरू होईल, आणि पावसाळ्यापर्यंत पोरं गावात असतील. त्या आठवड्यांत घरोघर जा. सकाळी लवकर जा, उन्हाचं कुणी भेटत नाही. ऑगस्टमध्ये ज्या पायरीवर पोरगं होतं, तिथेच आहे, की घसरलं, की कोप्यांजवळच्या (तोडकऱ्यांच्या झोपड्यांजवळच्या) एखाद्या साखरशाळेत, म्हणजे कारखान्यापाशी त्यांच्या मुलांसाठी चालणाऱ्या शाळेत, जाऊन पुढे सरकलं, ते बघा. किती महिने बाहेर होतं, तिथे शाळा होती का, धाकट्या भावंडाला सांभाळत होतं का, हे आईला विचारा. जी भेटणार नाहीत त्यांच्या नावापुढे ‘भेटलं नाही’ असंच लिहा, कोरं सोडू नका.

जाताना त्या कार्यकर्त्याला सोबत घ्या, आणि प्रश्न कोणते विचारायचे ते आधी त्यालाच विचारा.

तुमची,
ताई